चेंडू गेल्यानंतरचे चार आकडे : नाशिकमधील एका फुटबॉल वर्गाचे परीक्षण

आमच्या मुलाच्या पायातून चेंडू गेला की तो दोन्ही हात कमरेवर ठेवून जागीच उभा राहत असे आणि मग मान वळवून सीमारेषेबाहेर बसलेल्या माझ्याकडे पाहत असे. तेवढ्या वेळात समोरच्या संघाचा मुलगा अर्धे मैदान पार करून गेलेला असे. खेळायला तो वाईट नव्हता. चेंडू पायाशी असताना दोघांना सहज चकवत असे, आणि बहुधा त्यामुळेच चेंडू गेल्याचे दुःख त्याला अधिक होत असावे. आधीच्या वर्गात दोन वर्षे त्याला चेंडू खेळवणे, वळणे, पास देणे आणि गोलवर मारणे नीट शिकवले गेले, मात्र चेंडू गेल्यावर काय करायचे, याबाबत "पळा रे मागे!" या आरोळीपलीकडे काही शिकवल्याचे मला आठवत नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही त्याला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, भाड्याच्या मैदानावर चालणाऱ्या दुसऱ्या वर्गात घातले. आज आठ महिन्यांनी हे परीक्षण लिहीत आहे. वर्गाचे आणि प्रशिक्षकांचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण अशा वर्गांतील प्रशिक्षक दर हंगामात बदलू शकतात आणि पालकांनी पाटी वाचून प्रवेश घेण्यापेक्षा दोन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहावा, असे माझे मत आहे. उभे राहिल्यावर नेमके काय पाहायचे, हे मलाही या आठ महिन्यांतच कळले.

व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगतो. दहा ते बारा वर्षांच्या मुलांची तुकडी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सायंकाळी साडेपाच ते सात या वेळेत असते. शुल्क महिना 2400 रुपये असून ते तीन महिन्यांचे एकदम भरावे लागते. मुख्य प्रशिक्षकांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा प्रशिक्षक-परवाना आहे. आम्ही सिडकोत राहतो. त्यामुळे मायको सर्कल आणि जेहान सर्कल येथील संध्याकाळची गर्दी धरून पाऊण तास आधी निघावे लागते, आणि मुलगा गाडीवर मागे बसूनच डबा खातो. हा त्रास सोसण्याजोगा आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तो सोसतो, आणि त्याचे कारण एकाच सरावात आहे.

पहिल्या आठवड्यातच तो सराव पाहिला. फक्कीने एकमेकांना लागून दोन चौकोन आखलेले होते, प्रत्येकाची बाजू साधारण दहा पावलांची. एका चौकोनात लाल बिब (संघ ओळखू येण्यासाठी शर्टावरून घालायची बंडी) घातलेली चार मुले आपापसांत चेंडू फिरवत होती आणि पिवळ्या बिबमधील दोन मुले तो हिसकावण्याचा प्रयत्न करत होती. पिवळ्यांचे उरलेले दोघे शेजारच्या चौकोनात वाट पाहत उभे होते. पिवळ्यांनी चेंडू मिळवला की तो ताबडतोब शेजारच्या चौकोनात आपल्या साथीदारांकडे पाठवायचा आणि स्वतःही तिकडे धावायचे. मग लालपैकी जवळच्या दोघांनी त्यांच्या मागे त्या चौकोनात शिरायचे. इथपर्यंत हा सराव अनेक ठिकाणी घेतला जातो. या वर्गात त्याला एक जोड दिली होती. चेंडू हातचा गेला त्या क्षणापासून सर मोठ्याने "एक, दोन, तीन, चार" असे मोजत, आणि चार म्हणून होण्याच्या आत, चेंडू दुसऱ्या चौकोनात पोहोचण्यापूर्वी, लाल मुलांनी तो परत मिळवला तर त्यांना दोन गुण मिळत. दहा पास सलग पूर्ण केल्यास मात्र एकच गुण होता. मुलांचा कल गुणांकडे असतोच. दुसऱ्या दिवसापासून चेंडू गमावल्याची नाराजी दाखवायला कोणाकडे वेळच उरला नाही.

पहिल्या दिवशी मात्र चौघेही उभेच राहिले होते आणि "तू जा, तू जा" असे एकमेकांना खुणावत होते. सरांनी खेळ थांबवून फक्त एवढेच विचारले की, खो-खोमध्ये पाठीवर थाप पडून खो मिळाला, तर उठण्यापूर्वी तुम्ही कोणाला विचारता का? सगळी मुले हसली. शाळेत प्रत्येकाने खो-खो खेळलेला असल्याने पुढचे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पाटीत बसलेला खेळाडू खो मिळताच उठतो आणि पाठलाग करणारा होतो. तो मागच्या चुकीचा हिशेब करत बसला, तर गडी निसटतो. त्यानंतर कित्येक दिवस चेंडू गेला की मैदानात कोणीतरी "खो!" असे ओरडत असे आणि सर्वांत जवळचा मुलगा सुटत असे. प्रशिक्षणाच्या पुस्तकी परिभाषेत याला ट्रान्झिशन म्हणतात. हा शब्द सरांनी मुलांसमोर एकदाही उच्चारल्याचे मी ऐकले नाही, आणि त्याचे मला कौतुक वाटते.

जवळचा कोण, हे ठरले की उरलेल्यांचे काम सुरू होते, आणि वर्गाचे खरे वेगळेपण येथे दिसते. मुलांना धावायला सांगितले की सातही जण मधमाश्यांप्रमाणे चेंडूवर तुटून पडतात, आणि एका साध्या पासमध्ये सातही जण एकदम खेळाबाहेर जातात. या वर्गात तीन कामे वाटून दिली आहेत. जवळच्याने चेंडूवर जायचे, दुसऱ्याने त्याच्या मागे तिरके, दोन-तीन पावलांवर थांबायचे, आणि तिसऱ्याने मैदानाच्या मधल्या भागाकडे येऊन समोरच्याचा सर्वांत सोपा पास अडवायचा; बाकीच्यांनी आपला गोल आणि चेंडू यांच्या मध्ये परतायचे. दुसऱ्याचे काम मुलांना पटत नव्हते, कारण त्यात चेंडू मिळत नाही आणि टाळ्याही मिळत नाहीत. येथेही सर देशी खेळाकडेच वळले. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर साखळी न धरता एकट्याने झेप घेणारा बहुधा स्वतःच बाद होतो. त्याचा हात धरून उभ्या असलेल्या साथीदारामुळेच पकड टिकते. हे ऐकल्यावर आमच्या मुलाने घरी येऊन मला जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगितले की, आज तो पूर्ण वेळ "साखळीचा दुसरा" होता आणि त्याचा पाय चेंडूला एकदाही लागला नाही, तरी सरांनी शाबासकी दिली.

जवळच्याने चेंडूवर जायचे म्हणजे कसे जायचे, यावर त्यांनी जवळपास सहा आठवडे घालवले. प्रत्येक मुलासमोर फक्कीची एक आडवी रेघ असे आणि रेघेपलीकडे तीन पावलांवर चेंडू घेतलेला साथीदार. रेघेपर्यंत पूर्ण वेगाने यायचे, रेघ ओलांडली की पावले बारीक करायची, गुडघे वाकवायचे, एक पाय पुढे ठेवून शरीर तिरके करायचे आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर किंवा खांद्यावर न ठेवता चेंडूवर ठेवायची. आमचा मुलगा सुरुवातीला त्याच वेगात रेघेपलीकडे जात असे आणि समोरचा मुलगा चेंडू किंचित बाजूला सरकवून त्याच्या बगलेतून निघून जात असे. सरांनी त्याला रागावण्याऐवजी एक आठवडा हात पाठीमागे बांधून हा सराव करायला लावला. हात मागे असले की तोल सांभाळण्यासाठी पावले आपोआप बारीक पडतात, हे मला मैदानाबाहेरून पाहतानाही स्पष्ट दिसले. तिरके उभे राहण्यामागेही हेतू आहे: समोरच्याला आतल्या बाजूची वाट बंद करून सीमारेषेकडे ढकलायचे, म्हणजे त्याच्याकडे उरलेल्या वाटा कमी होतात. "काढून घेऊ नकोस, आधी अडव," हे वाक्य मी त्या सहा आठवड्यांत शंभर वेळा तरी ऐकले असेल.

या पद्धतीचे मूळ अर्थातच नाशिकचे नाही. चेंडू गमावताच तेथल्या तेथे तो परत मिळवण्याच्या डावपेचाला जर्मनीत गेगेनप्रेसिंग म्हणतात. जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांनी चेंडू आठ सेकंदांच्या आत परत मिळवण्याचा दंडक घातला होता, आणि प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या 2008 ते 2012 या काळातील बार्सिलोना संघाच्या संदर्भात पाच सेकंदांचा नियम सांगितला जातो. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी याच विचारावर डॉर्टमुंड संघाला 2011 आणि 2012 मध्ये जर्मन लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि पुढे 2019 मध्ये लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. दूरचित्रवाणीवर हे पाहून आपल्याकडचे काही प्रशिक्षक अकरा वर्षांच्या मुलांनाही "प्रेस, प्रेस" (दबाव टाका) म्हणून तासभर पळवतात. त्या संघांतील खेळाडू मुळात एकमेकांच्या जवळ राहून पास खेळतात, म्हणूनच चेंडू गेल्यावर तीन-चार जण आसपास उपलब्ध असतात. खेळाडू मैदानभर विखुरलेले असतील, तर पाच सेकंदच काय, पंधरा सेकंदांतही कोणी पोहोचत नाही. या वर्गातील मुलांना हे मूळ कारण समजावले गेले आहे, निदान मोठ्या तुकडीला तरी. चेंडू आपल्याकडे असतानाच मागे दोघांनी थांबायचे, ही शिस्त त्यातूनच आली आहे.

तरीही पहिले दोन महिने एक मोठी उणीव होती, आणि ती लिहिली नाही तर हे परीक्षण जाहिरात ठरेल. केव्हा धावून जायचे, हे शिकवले गेले होते. केव्हा जायचे नाही, हे शिकवले गेले नव्हते. ऑगस्टमधील एका मैत्रीपूर्ण सामन्यात आमच्या मुलांनी प्रत्येक वेळी चेंडूवर झडप घातली, समोरच्या संघातील एका शांत डोक्याच्या मुलीने प्रत्येक वेळी मान वर करून लांब पास दिला, आणि आम्ही पाच गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी सरांशी बोललो. त्यांनी मान्य केले की क्रम चुकला, आणि पुढील पंधरवड्यापासून मोजणीत बदल केला. आता चार म्हणून झाल्यावर सर "मागे" असा आवाज देतात, आणि त्यानंतर पाठलाग सोडून सर्वांनी गोलच्या दिशेने, मैदानाच्या मध्यभागाकडे परतायचे असते. त्याच्या आधीच जवळच्या मुलाने एक गोष्ट पाहायची असते: चेंडू मिळालेला खेळाडू आपल्याकडे पाठ करून आहे का, किंवा त्याचा पहिला स्पर्श लांब गेला आहे का? असेल तर जा. तो मान वर करून पुढे पाहत असेल आणि तू चार-पाच पावलांहून लांब असशील, तर जाऊ नको, मागे सरत त्याचा वेळ खा. अकरा वर्षांच्या मुलाला हा निर्णय पळताना घ्यावा लागतो, आणि तो अर्ध्या वेळा चुकतो. आमचा मुलगाही चुकतो. फरक एवढाच की आता तो कमरेवर हात ठेवून चुकत नाही.

पावसाळ्यात येथील मैदानांची काय अवस्था होते, हे नाशिककरांना सांगायला नको. काळी माती बुटांच्या स्टडमध्ये इतकी भरते की मुले दोन इंच उंच झाल्यासारखी दिसतात. असे दोन दिवस सरांनी मुलांना शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून लॅपटॉपवर 2018 च्या विश्वचषकातील बेल्जियम विरुद्ध जपान या सामन्याचे शेवटचे मिनिट दाखवले. जपानने दोन गोलांची आघाडी घालवून 2-2 अशी बरोबरी झालेली, नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळ सुरू, आणि जपानला कॉर्नर मिळालेला. बेल्जियमचा गोलरक्षक कुर्तुआ याने तो झेलला, लगेच साथीदार डी ब्रॉयनेकडे चेंडू सरपटत टाकला, आणि सुमारे दहा सेकंदांत दुसऱ्या टोकाला शादलीने गोल केला. सरांनी ती चित्रफीत सहा-सात वेळा थांबवली, आणि दर वेळी मुलांना एकच प्रश्न विचारला की, या क्षणी जवळचा कोण आहे आणि तो काय करतो आहे? मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो आणि मला 2017 च्या ऑक्टोबरमधील दिल्लीची संध्याकाळ आठवत होती. सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने 82 व्या मिनिटाला भारताचा विश्वचषकातील पहिला गोल केला, आम्ही घरात उड्या मारल्या, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना 2-1 असा नेला. तेथे चेंडू गमावण्याचा प्रश्न नव्हता, पण मन मागच्या क्षणात राहिले की पुढच्या क्षणी काय होते, याचे माझ्या पिढीला त्याहून ठळक उदाहरण आठवत नसेल. सरांना मी ते सुचवले. त्यांनी पुढच्या पावसासाठी राखून ठेवले आहे.

मैदानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी माझ्या लक्षात उशिरा आली. हे मैदान उंचसखल आहे, आणि हिवाळा सरता सरता काळ्या मातीला भेगा पडू लागल्या की चेंडू कसाही उसळतो. अशा मैदानावर समोरच्याचा पहिला स्पर्श बिघडतोच, त्यामुळे आपल्या मुलांचा दबाव आहे त्यापेक्षा चांगला भासतो. एका स्पर्धेत याच वयोगटाला 4 क्रमांकाऐवजी मोठ्यांचा 5 क्रमांकाचा चेंडू देण्यात आला होता. तेथेही आमच्या मुलांनी भराभर चेंडू हिसकावले आणि पालक खूश झाले. कृत्रिम गवताच्या सपाट मैदानावर, योग्य आकाराच्या चेंडूने खेळल्यावर खरी परीक्षा झाली आणि यश पुष्कळ कमी झाले. वर्गाने महिन्यातून निदान एक सराव तशा मैदानावर घ्यावा, अशी माझी सूचना आहे. भाडे जास्त आहे हे मान्य, पण ते पालकांत वाटून घेता येईल.

तक्रारी आणखीही आहेत. तुकडीत कागदोपत्री अठरा मुले असली, तरी शनिवारी भरपाईसाठी येणारी मुले धरून संख्या अठ्ठावीसपर्यंत जाते आणि साहाय्यक प्रशिक्षक नसेल, तर दोन चौकोनांच्या सरावात अर्धी मुले नुसती उभी असतात. गोलरक्षकांची तर पूर्ण उपेक्षा होते. चेंडू गेल्यावर बचावफळीच्या मागची मोकळी जागा भरण्यासाठी गोलरक्षकाने किती पुढे उभे राहायचे, हे या संपूर्ण पद्धतीचे अविभाज्य अंग आहे, आणि तरीही गोलरक्षक असलेली दोन मुले तासभर एका कोपऱ्यात एकमेकांकडे चेंडू फेकत असतात. आठ वर्षांखालील छोट्यांच्या तुकडीलाही हल्ली हीच मोजणी लावली जाते, ती माझ्या मते अनाठायी आहे. त्या वयात मुलांनी चेंडू घेऊन मनसोक्त चकवाचकवी करावी, तो गेला तर जाऊ द्यावा. पावसामुळे बुडालेल्या सरावांपैकी पाचांची भरपाई मिळाली नाही आणि शुल्कातही काही सूट दिली गेली नाही.

एका बाबतीत मात्र मी सरांच्या पूर्ण बाजूने आहे. चार आकड्यांत चेंडू मिळवण्याच्या नादात मुले सुरुवातीला शर्ट ओढू लागली होती. मोठ्यांच्या खेळात धोकादायक होऊ पाहणारे आक्रमण जाणूनबुजून फाउल करून रोखले जाते आणि त्याबद्दल पिवळे कार्ड पत्करले जाते. "तेही डोके लागतेच की," असे एका पालक-मित्रांनी मला कौतुकाने सांगितले होते. सरांनी शर्ट ओढणाऱ्याला पुढची पाच मिनिटे पंच केले. स्वतः शिट्टी वाजवून साथीदारांचे फाउल पकडण्याची वेळ आल्यावर प्रकार दोन आठवड्यांत जवळपास थांबला.

मला सर्वांत जास्त भीती वेगळीच होती. चेंडू गमावल्यावर इतके काम पडते म्हटल्यावर मुलगा चेंडू पायाशी ठेवायलाच घाबरेल, लगेच कोणाकडे तरी ढकलून मोकळा होईल, असे वाटत होते. झाले उलट. जानेवारीत, थंडीने बोटे आखडलेली असताना, पाथर्डी फाट्याकडच्या एका मैदानावर सामना होता. उजव्या बाजूला त्याने दोघांना चकवले, तिसऱ्याने त्याचा चेंडू काढला, आणि माझ्या शेजारचे एक काका सवयीने "अरे, पास दे ना!" असे ओरडले. त्याने आमच्याकडे पाहिलेच नाही. तीन लांब ढांगा, मग बारीक पावले, तिरके अंग. समोरचा मुलगा सीमारेषेकडे वळला, मागून आमचा दुसरा पोहोचला आणि चेंडू बाहेर जाऊन थ्रो-इन आम्हाला मिळाला. गोल वगैरे काही झाला नाही. तो सामना आम्ही एका गोलने हरलोही.

पुढच्या तीन महिन्यांचे शुल्क आम्ही भरले आहे. ज्यांची मुले दहा वर्षांच्या पुढची आहेत, चेंडू बऱ्यापैकी खेळवतात आणि गमावल्यावर रुसतात, त्यांनी हा किंवा याच रीतीने शिकवणारा वर्ग पाहावा. त्याहून लहान मुलांसाठी आणि गोलरक्षकांसाठी मी सध्या तरी शिफारस करणार नाही. गोलरक्षकांना या सरावात सामील करून घेण्याबद्दल आणि बुडालेल्या पाच दिवसांच्या भरपाईबद्दल मी वर्गाला लेखी कळवले आहे. पहिल्या मुद्द्यावर "एप्रिलपासून बघू" असे उत्तर आले आहे, दुसऱ्यावर अजून काही आलेले नाही.